शहागडची लाईन

आमच्या घरच्या फुलक्यांना साबणाचा वास यायचा. मम्मी हे कधीच कबूल करायची नाही. पिठाचा डबा वरच्या मजल्यावर, तोही आतल्या खोलीत, झाकणाखाली जाड फडकं लावून ठेवलेला असायचा. पण खाली गोडाऊन आणि वर घर असलं की वासाला जिना चढायला कोण अडवणार? जालन्यात आमच्याकडे एका मोठ्या कंपनीची एजन्सी होती. अंगाचा साबण, कपड्यांची पावडर, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं, डासांच्या कॉइल असा सगळा माल ट्रकने यायचा, आमच्याकडे थप्प्या लावून बसायचा आणि मग छोट्या टेम्पोतून खेड्यापाड्यांतल्या दुकानांत जायचा. पाहुणे आले की पहिला घास तोंडात घालून क्षणभर थांबायचे. मम्मी लगेच विचारायची, "मीठ कमी पडलं का?" पाहुणे बिचारे हो म्हणायचे.

घर चालायचं ते 'डॅमेज'वर. वाटेत चेपलेला, फुटलेला, गळलेला माल दुकानदार परत करतात, त्याला आमच्या धंद्यात डॅमेज म्हणतात. त्यातला कंपनी घेईल तेवढा घ्यायची, उरलेला वर यायचा. त्यामुळे आमच्या न्हाणीघरात शाम्पूच्या बाटलीला झाकण नसायचं, साबणाच्या वडीला कोपरे नसायचे आणि टूथपेस्टची ट्यूब पहिल्या दिवसापासूनच मधोमध दबलेली असायची. बिस्किटांचा चुरा स्टीलच्या मोठ्या डब्यात भरलेला असे. आम्ही तो वाटीत घेऊन, वर दूध ओतून चमच्याने खायचो. अख्खं बिस्किट चहात बुडवून खातात हे मी पहिल्यांदा शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी पाहिलं. ते कपात पडू न देता तोंडापर्यंत न्यायचं कसब मला अजूनही नीट जमत नाही. माझी मुलगी यावरून मला हसते. तिला अख्खी बिस्किटं मिळतात.

सकाळी जाग यायची ती खोक्यांवरची चिकटपट्टी फाडल्याच्या आवाजाने. मग टेम्पो मागे घेतानाची पिपाणी, मग पप्पांचा फोनवरचा चढा आवाज. पप्पांना वाटायचं की गाव जितकं लांब, तितकं मोठ्याने बोलायला लागतं. त्यामुळे ते अंबडशी बोलतायत की परतूरशी, हे मला अंथरुणातूनच कळायचं. घरात आम्ही मारवाडी बोलायचो, गोडाऊनमध्ये हिंदी चालायची आणि मला घातलं होतं इंग्रजी शाळेत. एकूण काय, मी तीन भाषांत गप्प बसायला शिकले. मराठी सगळी समजायची, पण बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडायचा. पाहुणे आले की मी खाली जाऊन पावडरच्या थप्प्यांमागे उभी राहायचे. तिथं छान गार असायचं, आणि कुणी काही विचारत नसे.

कॉलेज संपवून मी संभाजीनगरहून घरी आले, तेव्हा पुढे काय हा प्रश्न घरात रोज जेवणाबरोबर वाढला जायचा. पुण्यात दोन-तीन ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या. उत्तरं येत होती, फक्त ती मोठ्याने देता येत नव्हती. अशात आमचा जुना सेल्समन बंडूभाऊ एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यात लागला. दुपारी घरी जेवायला जाता येतं म्हणून तो जाताना फार खुश होता. पप्पांना कंबरेमुळे डॉक्टरांनी टेम्पोत बसणं बंद केलं होतं. नवीन माणूस मिळेना. मग एके दिवशी पप्पा माझ्याकडे न बघता, पंख्याकडे बघत म्हणाले, "माणूस मिळेपर्यंत शहागडची लाईन तू कर. फक्त ऑर्डर घ्यायची. काही बोलायचं नाही फारसं." ते शेवटचं वाक्य ऐकून मी हो म्हटलं. मम्मीला पोरगी टेम्पोत बसणार याचं फारसं काही वाटलं नाही. तिची काळजी वेगळीच होती. आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवतात. "दिवस कलायच्या आत परत ये, बाई," एवढंच ती रोज सांगायची आणि चार वाजल्यापासून गॅलरीत उभी राहून माझ्यापेक्षा सूर्यावर जास्त लक्ष ठेवायची.

लाईन म्हणजे ठरलेल्या वारी ठरलेला रस्ता. सोमवारी भोकरदन, मंगळवारी परतूर, असे पप्पांनी सेल्समनना वार वाटून दिलेले होते; माझ्याकडे आली ती गुरुवारची, अंबडवरून वडीगोद्री आणि तिथून हायवेने शहागड. टेम्पो रफिकचाचा चालवायचे. मी जन्मले त्याच्या आधीपासून ते आमच्याकडे होते, त्यामुळे मला त्यांच्याशी बोलता यायचं, म्हणजे ते बोलायचे आणि मी शेजारी बसायचे. टेम्पोत मागे शाम्पूच्या पुड्यांच्या लडी टांगलेल्या असत. हायवेला वेग घेतला की त्या पावसासारख्या सळसळायच्या. शहागडला गोदावरीचा पूल दिसायला लागला की चाचा आरसा नीट करून स्वतःची मिशी बघायचे. बाजारात जायचं म्हणजे माणसासारखं जायचं, असं त्यांचं मत होतं.

पहिल्या गुरुवारी मी पहिल्याच दुकानात शिरले ते सिंधूमावशींच्या. हायवेवरून आत वळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं किराणा दुकान. काउंटरवर मावशी, मागे खाटेवर त्यांचे यजमान अण्णा, वर्तमानपत्राच्या आडून सगळं बघणारे. मी मोबाईल छातीशी धरून वाटेत पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "नमस्कार. आज आपणांस कोणकोणत्या वस्तूंची आवश्यकता आहे?"

मावशींनी तराजू खाली ठेवला. "अण्णा," त्या मागे वळून म्हणाल्या, "ऐका वो, टीव्हीवरल्या बातम्या आपल्या दुकानात येऊन राह्यल्या."

अण्णांनी पेपर खाली केला. "हवामान काय म्हणतंय मंग?"

मी तिथून पळून टेम्पोत जाऊन बसले. चाचांनी विडी विझवली आणि म्हणाले, "बेटा, दुकान में बोलना पडता. गूंगे का माल कौन लेता?" मी पुन्हा गेले. बोलणं तर शक्यच नव्हतं, म्हणून मी नुसती उभी राहिले आणि कपाटं बघायला लागले. काय बघायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. पण लहानपणापासून खोक्यांत उभी राहिलेली मुलगी फळीवर काय आहे आणि काय नाही हे फार चटकन बघते. कुठल्या बरण्यांवर धूळ बसलीय, कुठल्या लडीची खालची टोकं कात्रीने कापून कापून वर गेलीत, कुठं मोकळ्या जागेचा चौकोन पडलाय. बघितलं ते मोबाईलवर भरलं आणि स्क्रीन मावशींपुढे धरली. मावशींनी चष्मा लावला, वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "कॉइल तेवढ्या वाढव. नदीकाठचं गाव हाय."

मग माझी तीच पद्धत झाली. बाकीच्या कंपन्यांची पोरं यायची, काउंटरवर कोपर टेकून जोरजोरात स्कीम सांगायची, "घ्याच ना काकू, दोन बॉक्स टाकून जातो." मी काही टाकायचे नाही. एखाद्या दुकानात शाम्पूच्या मोठ्या बाटल्या तशाच पडल्या असतील तर उचलून पुढच्या गावी जिथं लग्नसराईत खपतील तिथं द्यायचे. दुकानदारांना हे फार आवडलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. माल गळ्यात मारायला आधी गळा लागतो, तो माझ्याकडे नव्हता. पण माणसं चांगला अर्थ काढायला बसली की काढतातच. "बोलत न्हाई, पण बघती बिलकुल बराबर," असं मावशी गल्लीत सांगायच्या. आज मी नव्या मुलामुलींना लाईनवर पाठवते, तेव्हा त्यांना बोलायचं प्रशिक्षण कंपनी देते. मी फक्त सांगते की दुकानात शिरल्यावर थोडा वेळ काही विचारू नका. ती माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात.

हळूहळू शहागडला मला जेवणही मिळायला लागलं. मी माझा डबा उघडला की मावशी त्यात बघायच्या आणि म्हणायच्या, "हे काय, बेसनाच्या गोळ्या पाण्यात पवून राह्यल्या?" ती मम्मीची गट्ट्यांची भाजी. मग त्या भाकरी आणि ठेचा पुढे सरकवायच्या. आमच्याकडे कांदा-लसूण चालत नाही हे कळल्यावर पुढच्या गुरुवारी त्यांनी वेगळ्या वाटीत बिनलसणाचा ठेचा करून आणला. "लसणाबिगर ठेचा म्हंजी नवऱ्याबिगर वरात," त्या म्हणाल्या. "पण खा. तुझ्यासाठी वरवंटा धुऊन घेतलाय." तिथं, भाकरी खाता खाता, मी एक दिवस आपणहून काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही, बहुतेक तिखटाबद्दल असेल. अण्णांनी पेपर खाली केला आणि मावशींना म्हणाले, "आली गं वाचा." त्या दिवसानंतर माझी मराठी शहागडचीच झाली. घरी मी एकदा "मंग काय झालं" म्हटलं तर मम्मी दचकली.

माणूस मिळेपर्यंत, असं ठरलं होतं. माणूस मिळाला की नाही हे मी विचारलं नाही आणि पप्पांनी सांगितलं नाही. माझे गुरुवार चालू राहिले. बाकीचे दिवस मी गुरुवारची वाट बघायचे, हे मी कुणालाच, स्वतःलासुद्धा, नीट सांगितलेलं नव्हतं.

आणि मग एका संध्याकाळी, जेवताना, पप्पांनी बातमी सांगितली. कंपनी लाईनी नव्याने वाटत होती. नदीपलीकडच्या एका मोठ्या एजन्सीने शहागडची बाजू मागितली होती. त्यांच्याकडे मोठ्या गाड्या होत्या. नवीन एरिया मॅनेजर स्वतः येऊन बाजार बघणार आणि ठरवणार. "लाईन गेली तर एक टेम्पो विकावा लागेल," पप्पा म्हणाले. "रफिकभाईंचं मग बघावं लागेल काहीतरी." पुढचं ते पुन्हा पंख्याकडे बघून बोलले. "आणि तुझं काय, तू पुण्याला जाशीलच. ते ऑफिसवाले परत बोलवतायत ना तुला." मम्मीने माझ्या ताटात आणखी एक फुलका टाकला. मी तो खाल्ला, पण मला त्या दिवशी साबणाचासुद्धा वास आला नाही.

साहेब येणार असले की बाजार नीटनेटका करायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. आदल्या दिवशी दुकानदारांना निरोप जातो की आपला माल जरा समोर लावा, धूळ पुसा, लडी पुढे टांगा. सगळ्याच एजन्सीवाले करतात, साहेबांनाही ते ठाऊक असतं, आणि सगळे ठाऊक नसल्यासारखं वागतात. मुलगी बघायला पाहुणे येणार असले की उशांचे अभ्रे बदलतात, तेवढंच ते. तर पप्पांनी सिंधूमावशींना फोन केला. शहागड लांब, त्यामुळे मला वर ऐकू आलं, "मावशी, परवा साहेब येऊन राह्यले. लाईनचं ठरणार हाय. पोरीची इज्जत तुमच्या हातात." एवढंच म्हणायचं होतं त्यांना. समोर लावा हे मावशींना कळेलच, असं त्यांनी गृहीत धरलं.

साहेब तिशीच्या आतला, पुण्याहून आलेला, हसतमुख मुलगा होता. कंपनीत सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, म्हणून तो पप्पांना म्हणाला, "मला नुसतं निखिल म्हणा." पप्पा म्हणाले, "हो निखिलसाहेब." पप्पा कंबरेमुळे घरीच राहिले; त्याची गाडी पुढे आणि चाचांचा नि माझा टेम्पो मागे असे आम्ही शहागडला पोहोचलो. गल्लीत पाय ठेवल्या ठेवल्या मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना. मावशींचं दुकान मी शेवटासाठी ठेवलं होतं. पहिलं दुकान स्वच्छ. समोर आमची पावडर, आमचा साबण, आमच्या लडी. निखिल खुश झाला, त्याने फोटो काढला. दुसरं दुकानही तसंच. तिसऱ्या दुकानात मी मागच्या फळ्या बघितल्या. तिथं दर गुरुवारी दुसऱ्या कंपनीचा लाल साबण असायचा, गावात सगळ्यात जास्त खपणारा, आमच्या साबणापेक्षाही. तो नव्हता. पिवळ्या पुडीची चहापत्ती नव्हती. हिरवी पावडर नव्हती. त्या गल्लीत आमच्या कंपनीशिवाय जगात दुसरी कुठली कंपनीच उरलेली नव्हती. मी चाचांकडे बघितलं. चाचा आभाळाकडे बघत होते.

मावशींच्या दुकानापुढे बाकीचे दुकानदारही जमले होते, सगळे धुतलेल्या कपड्यांत. निखिलने नमस्कार केला. मावशी उठल्या, सगळे उठले, फक्त अण्णा उठले नाहीत. अण्णा खाट सोडून एका उंचवट्यावर बसले होते. त्यावर शाल पसरलेली होती आणि शालीच्या खालून पुठ्ठ्याचा कोपरा दिसत होता.

"बसा ना, बसा, त्रास घेऊ नका," निखिल म्हणाला. "गुडघे का?"

"गुडघेच," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "सकाळपासून उठताच येऊन न्हाई राह्यलं."

शेजारच्या पिठाच्या गिरणीला कुलूप होतं. मी तिथं कधी कुलूप बघितलं नव्हतं. निखिलनेही विचारलं, आज गिरणी बंद का? गिरणीवाले काका पुढे होऊन म्हणाले, "लाईट न्हाई ना साहेब." त्यांच्या डोक्यावर मावशींच्या दुकानातला पंखा गरगर फिरत होता. निखिलने पंख्याकडे बघितलं, काकांनीही बघितलं. "आत्ताच आली," काका म्हणाले, आणि गिरणी काही उघडली नाही.

एवढ्यात हायवेवर उभ्या एसटीतून एक बाई पिशवी घेऊन घाईघाईने आली. "वैनी, लाल साबण द्या दोन. जल्दी, गाडी निघून राह्यली."

"संपली," मावशी म्हणाल्या.

"संपली? सकाळी तर थप्पी होती."

"खपली."

"मंग पिवळी पुडी द्या चहाची."

"न्हाई ठेवत आम्ही."

बाईने मावशींकडे असं बघितलं, जणू त्यांना ऊन लागलंय. "अहो, चार वर्षं झाली, मी इथूनच नेऊन राह्यले!" मावशींनी डोळ्यांनी साहेबांकडे खूण केली. बाईला खूण कळली नाही, तिने माझ्याकडे बघून मान हलवली, "बरी हायत ना ह्या?" आणि एसटीने हॉर्न दिला तशी तशीच पळाली.

निखिल यातलं बरंचसं ऐकतच नव्हता. तो मोबाईलमध्ये काही भरत होता, चहा पीत होता, आणि चांगलाच प्रभावित झालेला दिसत होता. त्याने कप खाली ठेवला आणि मला जरा बाजूला घेऊन इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. आमची शाळा एकाच प्रकारची, त्यामुळे त्याला ते सोपं वाटलं असणार. शिवाय दुकानदारांना कळू नये हाही हेतू असणार. तो म्हणाला की असा बाजार त्याने आजवर पाहिलेला नाही. सगळं आपलंच आहे. आणि म्हणूनच, तो म्हणाला, इथं आता वाढायला जागाच नाही. मग अशा ठिकाणी दर आठवड्याला वेगळी गाडी आणि वेगळा माणूस कशाला? लोक आपलाच माल घेतायत, महिन्यातून एकदा नदीपलीकडची मोठी गाडी येऊन गेली तरी भागेल. तो तसंच लिहून पाठवणार होता. तुमचं काम उत्तम झालंय, वाईट वाटून घेऊ नका, असंही म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं.

मी मावशींकडे बघितलं. त्यांना इंग्रजीतला शब्द कळत नव्हता, पण साहेबाचा हसरा चेहरा दिसत होता. त्या मला भुवया उडवून विचारत होत्या, कसं काय? जमलं ना? अण्णा खोक्यावर ताठ बसून माझ्याकडे अभिमानाने बघत होते. सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. माझी लाईन त्या सगळ्यांनी मिळून, माझ्यासाठी, इतक्या प्रेमाने बुडवली होती की मला रडू येतंय की हसू हे मलाच कळेना. इंग्रजीत मी त्याला हळूच काही सांगू शकले असते. कुणाला कळलं नसतं, बहुतेक त्यालाही पटलं नसतं. घसा नेहमीसारखा कोरडा पडला होता. मी तसाच आवाज काढला आणि तो मराठीत निघाला, तोही पप्पांच्या पट्टीत.

"मावशी! साहेब म्हणून राह्यलेत, सगळं आपलंच हाय तर लाईन बंद करू. काढा बाहेर सगळं."

निखिल माझ्याकडे बघत राहिला. मावशींनी पदर खोचला.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "उठा."

अण्णा उठले. गुडघ्यांनी काही तक्रार केली नाही. शाल काढली तर खाली लाल साबणाचं खोकं. मग गिरणीवाल्या काकांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं, आणि आत जात्याच्या भोवती, ताडपत्रीखाली, पोत्यांच्या मागे, सगळ्या गल्लीचा माल. लाल साबण, हिरवी पावडर, पिवळ्या पुड्या. एकेक जण आपापल्या लपवलेल्या जागेकडे धावला. समोरच्या दुकानातून कोंबड्या झाकायच्या डालग्याखालून टूथपेस्टची खोकी निघाली, आणि कोंबड्या, ज्या सकाळपासून बेघर होत्या, रस्ताभर ओरडत फिरायला लागल्या. दुसऱ्या कंपन्यांचा माल गल्लीत मधोमध असा साठत गेला की जत्रा भरल्यासारखं दिसायला लागलं.

निखिल त्या ढिगाभोवती एक चक्कर मारून आला. मग मावशीच त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, आम्ही लबाड न्हाई. तिच्या बापानं सांगितलं पोरीची इज्जत ठेवा, मंग आम्ही ठेवली. आता तुमच्या कंपनीची रीत उलटी हाय हे आम्हाला काय ठाऊक? सगळं घेतलं तरी बंद, न्हाई घेतलं तरी बंद. मंग घ्यावं तरी किती, ते एकदा सांगून टाका."

"आणि ते मोठे गाडीवाले नको," गिरणीवाले काका मागून म्हणाले. "ते दुसऱ्या मालाला आले होते इकडं. खोकी रस्त्यावर फेकून जातेत. म्हणतेत नाव काय दुकानाचं, अन् उत्तर ऐकायला थांबत न्हाईत."

निखिलने माझ्याकडे वळून, आता मराठीत, विचारलं, "तुला ठाऊक होतं हे?"

"इथं आल्यावर कळलं," मी म्हणाले. "तुमच्याबरोबरच."

"मग यातलं," त्याने त्या ढिगाकडे हात केला, "आपल्याला किती मिळवता येईल?"

माझ्या आयुष्यातलं तोवरचं सगळ्यात लांब भाषण मी त्या गल्लीत, कोंबड्यांच्या मधे उभी राहून केलं. लाल साबणाला हात लावू नका, म्हटलं. इथल्या जड पाण्यात तो झिजत नाही, आपला झिजतो, लोकांना कळतं ते. पावडरमध्ये मिळेल, पण मोठी पिशवी नको, बाजाराच्या दिवशी बाई एका धुण्यापुरती घेते, छोटी पुडी पाठवा. बिस्किटं ट्रकवाल्यांना लागतात, ती हायवेच्या बाजूच्या दुकानांत वाढवू. आणि ते तोंड धुवायचं नवीन काहीतरी तुम्ही सगळीकडे द्यायला सांगता ना, ते इथं कधीच खपणार नाही.

"न्हाईच," मावशी म्हणाल्या. "मी लावलं होतं एकदा. अण्णांनी इचारलं, कुणाच्या लग्नाला चाललीस."

सगळे हसले. निखिल हसला नाही, तो भराभर टाइप करत होता. मधेच त्याने मला परत काहीतरी विचारलं आणि मी उत्तर दिलं, मग पुन्हा विचारलं. माझ्या उत्तरांत गिरणीवाले काका दुरुस्त्या करत होते, मावशी काकांना गप्प करत होत्या, आणि मला काही केल्या थांबता येत नव्हतं. ऊन कलायला लागलं होतं. शेवटी त्याने मोबाईल खिशात टाकला, सगळ्यांना नमस्कार केला, अण्णांना म्हणाला, "गुडघ्यांना जपा," आणि गाडीत बसला. लाईनबद्दल एक शब्द नाही. गाडी सुरू झाली. मग काच खाली झाली.

"पुढच्या वेळी मी न सांगता येईन," तो मला म्हणाला, आणि गाडी हायवेला लागली.

मी धूळ बघत उभी राहिले. मला वाटलं रागावून गेला. मावशींनी माझा दंड धरला. "काय म्हणला तो? पुढच्या वेळी म्हणला ना?"

"हो. न सांगता येईन म्हणाला."

"अगं खुळे! लाईन बंद करणारा माणूस पुढच्या वेळी कशाला येईल?" त्यांनी मागे वळून आरोळी दिली, "अण्णा, ठेवली वो! लाईन ठेवली!" आणि अण्णांनी, का कुणास ठाऊक, पुन्हा त्या खोक्यावर बसकण मारली.

ते पक्कं झाल्याचा कंपनीचा निरोप यायला वेळ लागला, पण शहागडने वाट बघितली नाही. त्यांच्या दृष्टीने विषय मिटला होता, आणि खरी अडचण आता सुरू झाली होती. गिरणीत सगळ्यांचा माल एकमेकांत मिसळला होता आणि कुणाचं खोकं कुठलं ते कुणालाच ओळखू येईना. "ती पावडर माझी." "तुझी कशी, तुझ्याकडं हिरवी होतीच कधी?" "आण इकडं, माझ्या खोक्याला उंदरानं कुरतडलेलं होतं." पाचच मिनिटांत, माझ्यासाठी एकजूट झालेली ती गल्ली भांडायला लागली. तेव्हा मीच मधे शिरले. कुणाच्या फळीवर काय असतं हे मला पाठ होतं. लाल साबण मावशींकडे, पिवळी पुडी समोर, टूथपेस्ट कोपऱ्यावर, असं ओरडून सांगत, ओझी उचलत मी एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जात होते. आमच्याशी वर्षानुवर्षं स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचा माल मी त्या दिवशी माझ्या हातांनी ओळीत लावत होते, लेबलं समोर करून, ओढणीने धूळ पुसून.

रफिकचाचा टेम्पोचं मागचं दार उघडून कधीचे उभे होते. शेवटी त्यांनी हाक मारली, "बेटा, इनकाच माल लगाते बैठिंगे क्या? अपना बी उतारना है."

"आले चाचा," मी ओरडले, "हा लाल साबण तेवढा सरळ लावते."